बावीस घरांच्या नर्सबाई

नर्सबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाक्यावर भलामोठा फलक लागला. ‘गोरगरिबांच्या घरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या आदरणीय सुलोचनाताई जाधव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ कोपऱ्यात बाईंचा पासपोर्टएवढा फोटो, आणि मधोमध हात जोडून उभा दिनेश. गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल. शोक करणारा मेलेल्या माणसापेक्षा दसपट मोठा. शोकसभेत आमचे निवृत्त साहेबही बोलले म्हणे. बाई म्हणजे सहकाराचा चालताबोलता आदर्श होत्या, असं म्हणाले. बाईंना अपात्र ठरवणाऱ्या आदेशावर ज्या हाताने सही केली, त्याच हातात माईक धरून म्हणाले. मलाही बोलावणं होतं. मी गेलो नाही. गेलो असतो तर शिवीगाळ झाली असती, आणि पहिली शिवी मला स्वतःला घालावी लागली असती. ती घालायलाच हे लिहायला बसलो आहे.

मी सावंत. सहकार खात्याच्या एका तालुका कचेरीत जन्मभर कारकुनी केली. गृहनिर्माण संस्थांची कपाटं माझ्याकडे होती. गृहनिर्माण संस्था म्हणजे काय, तर गाडी कुणी कुठे लावायची आणि वरच्याची मोरी कुणाच्या डोक्यावर गळते, यावरून भांडणारी शिकलेली माणसं. त्यांच्या तक्रारींना जावक क्रमांक टाकता टाकता मी सुखाने निवृत्त झालो असतो. पण एका पावसाळ्यात बाई आल्या.

ठेंगणा बांधा, पांढरी सुती साडी, पायात रबरी चपला, आणि खांद्याला दवाखान्यातला तो निळा, जाड भिंतींचा लसीचा डबा. साहेब म्हणाले, “पोलिओ डोस का? इथे लहान मुलं नाहीत, बाई.”

“हायत की,” बाई म्हणाल्या, “नुसती वयं वाढलीत.”

डबा उघडला. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एका संस्थेचं अख्खं दप्तर. जुलै महिना होता, आमच्या कपाटातल्या फायलींना बुरशी चढली होती, आणि बाईंचा कागद न् कागद कोरडा करकरीत. “लस गरम झाली की मरते, कागद वला झाला की मरतो,” त्या म्हणाल्या. “दोगांना ह्योच डबा.” बाई उपकेंद्रात नर्स होत्या. नोकरी संपली, डबा तेवढा मोडीत काढलेल्या सामानातून रीतसर पावती करून घरी आणलेला. ती पावतीही डब्यात होती.

बोलता बोलता त्यांनी टेबलावरून वाकून साहेबांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. साहेब इतके दचकले की खुर्चीसकट मागे गेले. “रक्त कमी हाय, साहेब. शेवग्याचा पाला खा.” मग माझ्याकडे वळून माझीही पापणी ओढली. “ह्यो तर पांढरा फटक. ह्या कचेरीत कुनाच्या अंगात रक्त हाय का न्हाय?” पिशवीतून लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्या टेबलावर आपटली. पुढे दर खेपेला आधी गोळ्यांची चौकशी, मग संस्थेचं काम. सांगायला लाज वाटते, पण मी त्या गोळ्या घेत होतो आणि मला बरंही वाटत होतं.

बाईंची संस्था किहीम आणि मांडवा यांच्या मधल्या एका गावात होती. बावीस घरं. तिचं नोंदणीचं लांबलचक नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मिनिडोर रिक्षावाला ‘बावीस घरं, बावीस घरं’ ओरडायचा आणि माणसं उतरायची. निम्मी घरं कोळ्यांची, निम्मी बौद्धवाडीतल्या माणसांची. कोळ्यांच्या झोपड्या किनाऱ्यावरच्या ज्या जागेत होत्या ती मुंबईच्या कुणी तरी विकत घेऊन तिला कुंपण घातलेलं. बौद्धवाडीतली माणसं दुसऱ्यांच्या नारळीच्या वाड्या राखत वाडीच्या कोपऱ्यात राहायची. वाडी विकली की राखणदाराचं घर गेलं.

अशी संस्था काढायची कल्पना त्यांना सुचली कशी, ते त्या रंगवून सांगत. तरुणपणी हिराबाई कोळणीचं बाळंतपण करायला गेल्या, तर ऐन दुपारी जागामालकाचा मुकादम माणसं घेऊन दारात हजर. झोपडी आजच काढायची म्हणे. आत हिराबाई कळा देते आहे. बाई बाहेर आल्या, रक्ताचे हात तसेच, आणि मुकादमाला म्हणाल्या, “नाळ पडंपर्यंत कायबी पाडायचं न्हाय. आनि हुबा काय ऱ्हायलास? हिरीवरनं पानी आन.” मुकादमाने दोन घागरी पाणी आणलं! मूल झालं, मुकादम परत गेला, आणि चार दिवसांनी येऊन झोपडी पाडून गेला. “मी तवाच ठरिवलं,” बाई म्हणत. “येका बाळंतपनापुरतं घर वाचवून भागायचं न्हाय.”

ते मूल म्हणजे दिनेश. फलकावरचा.

सरकारी पड जमिनीचा तुकडा मिळवायला किती वर्षं घासली, ते मी सांगत नाही, कारण वाचणाऱ्याचाही जीव दमेल. पण घरं उभी राहिल्यावर बाईंनी जो नियम केला तो सांगायलाच हवा. घर संस्थेचं, राहणं माणसाचं. हयातभर राहा, तुझ्यामागे तुझ्या पोराला गरज असेल तर पोरगा राहील, पण विकायचं नाही आणि भाडेकरू ठेवायचा नाही. दुसरीकडे सोय झाली की चावी संस्थेला परत. मग यादीतलं पुढचं नाव. आणि एक रीत होती, ती कुठल्याच कागदात नव्हती. घर सोडणाऱ्याने जाताना स्वयंपाकघरात पाण्याचा भरलेला हंडा ठेवून जायचं, आणि येणाऱ्याने पाऊल टाकल्यावर आधी त्यातलं पाणी प्यायचं. भांडून गेला तरी हंडा भरायचा.

बाईंचा सख्खा भाचा नऊ नंबरात होता. त्याला पनवेलला फ्लॅट मिळाला, तरी नऊ नंबरला कुलूप घालून बसला. बाईंनी भर सभेत नुसता हात पुढे केला, “चावी.” तो म्हणाला, “मावशी, घरातल्या घरात कशाला?” बाई म्हणाल्या, “घरात मी मावशी. हितं सचिव.” त्याने चावी दिली, शिवाय त्याला विहिरीवरून हंडाही भरावा लागला. त्यापायी सख्खी बहीण बाईंशी बोलायची बंद झाली. बाईंनी स्वतःला घेतलं होतं बावीस नंबर, अगदी टोकाचं, ओढ्याकडचं. पावसात तिथे उंबऱ्यापर्यंत पाणी यायचं. “मला सवय हाय,” म्हणायच्या. कसली सवय? दुसऱ्या कुणी घेतलं नसतं म्हणून घेतलेलं.

आता त्या सभेबद्दल, जिच्यामुळे सगळं गेलं.

बावीस घरांची वार्षिक सभा आषाढी पौर्णिमेला व्हायची. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या झापांखाली शाकारलेल्या असतात, कोळ्यांचे पुरुष झाडून सगळे घरी. आणि आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास सुरू होतो, त्यामुळे मुंबईत कामाला असलेली माणसंही त्या दिवशी वाडीत आलेली. वर्षाच्या साऱ्या दिवसांत हा एकच दिवस असा की बावीसच्या बावीस घरांतली माणसं एका जागी सापडावीत. भाताच्या लावणीवरून आलेल्या बाया चिखलाच्या पायांनी बसत. बाई एकेका घराचं नाव घेत आणि घर उठून बोले. मी एकदा पाहायला गेलो होतो. इतकी भरलेली सभा मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. पार्किंगवाल्यांच्या सभांना तर समोसे ठेवूनही माणसं येत नसत.

पण कायदा म्हणतो, सभेपुढे तपासनिसाचा लेखापरीक्षणाचा अहवाल हवा. आणि तपासनीस येणार गणपती झाल्यावर. तोवर होड्या समुद्रात, पुरुष आठ-आठ दिवस बाहेर. म्हणजे माणसं असतात तेव्हा अहवाल नसतो, आणि अहवाल येतो तेव्हा माणसं नसतात. बाईंनी माणसं निवडली. अहवाल आला की त्या तो घरोघर जाऊन वाचून दाखवत. बोलता बोलता पापण्याही तपासत.

आपण नियमाबाहेर आहोत हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी त्या कचेरीला पत्र लिहीत: आमची अडचण अशी आहे, तपासनीस जूनच्या आत पाठवा किंवा आषाढातल्या सभेला मान्यता द्या. दरवर्षी ते पत्र माझ्याकडे येई, आणि मी त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून कपाटात ठेवी. एकाही पत्राला उत्तर गेलं नाही. ‘दप्तरी दाखल’ या दोन शब्दांत आम्ही किती माणसं पुरली असतील!

“बाई, तुमचं घोडं कुठल्याच खणात मावत नाही,” मी एकदा समजावलं. “कायद्यात एक खण ट्रस्टचा, एक खण सोसायटीचा. सोसायटी म्हणजे मालकांची. तुम्ही मालकही नाही आणि दानधर्मही नाही.”

“मंग तिसरा खन करा की,” बाई म्हणाल्या. “सुतार मिळंना का सरकारला?”

आणि खरंच, सहकार कायद्यात बदल सुचवायला कुठलीशी समिती बसली आहे असं कळल्यावर, बाई डबा खांद्याला लावून मांडव्याच्या धक्क्यावरून बोटीने मुंबईला गेल्या. सूचनांचं पान जाण्याआधी मला वाचायला दिलं होतं. मला वाटलं होतं, सवलती मागितल्या असतील. कुठल्या सवलती! नफा न घेता गरिबांना घरं देणाऱ्या संस्थांसाठी वेगळा कायदा करा. आमच्याकडे वर्षातून एकदा न सांगता तपासणीला या. आमच्यातला कुणी घर विकेल तर त्याला काढा. घर न विकण्याचं कलम सभासदांनी ठराव केला तरी बदलता येऊ नये. सभेची तारीख सभासदांचा धंदा बघून ठरवू द्या. आणि शेवटी, ‘चूक पकडायला येता, तसे कधी शिकवायला पण या.’

“हे तर तुम्ही स्वतःच्याच गळ्यात दावं मागताय,” मी म्हणालो.

“सूट नको मला, सावंत. नियम हवा. सूट आज हाय, उद्या न्हाय. आनि आमी पन मानसंच. उद्या मी मेल्यावर आमच्यातलाच कुनी विकाया निघाला, तर त्याला आडवायला कायदा हवा का नको?”

समितीने तीन मिनिटं दिली. एका सदस्याने विचारलं, तुम्ही ट्रस्ट की सोसायटी? बाई म्हणाल्या, “आमी बावीस घरं.” लोक हसले. काही दिवसांनी उत्तर आलं, सूचना विचाराधीन आहेत. ते पत्रही बाईंनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवलं. समितीपुढून बोटीने परतल्या त्या दिवशीच म्हणाल्या होत्या, “लोकांचा राग येतो नि जातो. माजा नोकरीला लागलाय, सावंत. परमनंट.”

पुढे सरकारनेच अशा जमिनींना मोकळीक दिली: ठरलेला भरणा करा आणि पूर्ण मालक व्हा. तोवर किहीमपासून मांडव्यापर्यंत बंगल्यांची रांग लागली होती, आणि दिनेश जमिनींचा दलाल झाला होता. बावीस घरांच्या जागेवरून समुद्र दिसतो. झालं! एवढंच पाप त्या जागेचं. मध्ये एकच आडकाठी होती, बाईंचं न विकण्याचं कलम, आणि ते बदलायचं तर सभा ताब्यात हवी. दिनेशने तक्रार केली: संस्थेची एकही वार्षिक सभा कायदेशीर नाही, सबब समिती बरखास्त करावी.

साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली. “नियम काय म्हणतो तेवढं लिहा, सावंत. भावना नकोत.”

मी लिहिलं. सभा अहवालाविना झाल्या. समिती कसूरदार म्हणून अपात्र ठरते. प्रशासक नेमणे उचित होईल. त्या टिपणीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि हीच त्यातली हरामखोरी. माझ्या मागच्या कपाटात बाईंची सगळी पत्रं होती, वर्षावर्षाची, उत्तर न गेलेली. एक ओळ पुरली असती: ‘संस्थेने याबाबत वारंवार मार्गदर्शन मागितले असून कार्यालयाने उत्तर दिलेले नाही.’ ती ओळ मी लिहिली नाही. लिहिली असती तर पहिला जाब मला द्यावा लागला असता. कुणी दमदाटी केली नव्हती, कुणी पाकीट दिलं नव्हतं. नुसता घाबरलो. फुकटात विकला गेलेला माणूस मी.

प्रशासक आला. त्याने सप्टेंबरात, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला सभा बोलावली. नोटीस मीच टाइप केली. होड्या समुद्रात, कोळणी बाजारात, बौद्धवाडीतले आपापल्या नोकऱ्यांवर. सात जण आले. गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब झाली, आणि अर्ध्या तासाने तीच सभा त्याच सात जणांची पुन्हा भरली, कारण तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. हाही नियमच! आषाढात बावीसच्या बावीस घरं बसलेली सभा बेकायदा, आणि अर्धा तास चहा पिऊन पुन्हा बसलेले सात जण कायदेशीर. बाई एकट्या उभ्या राहून विरोध करत होत्या. सहा विरुद्ध एक, कलम रद्द, आणि राहणारा आपापल्या घराचा मालक. हिराबाईचं मत दिनेशने दिलं. आईच्या मागे घर पोराला मिळावं म्हणून बाईंनीच पूर्वी प्रत्येकाच्या पोराचं नाव सहयोगी सभासद म्हणून लावून घेतलं होतं, आणि आई हजर नसेल तर सहयोग्याला मत असतं.

हिराबाई दुपारी रिकामी टोपली घेऊन आली तेव्हा तिला कळलं. “बाय, मी तं म्हावरं इकाया गेल्ते,” ती बाईंना म्हणत राहिली. “मी घर इकाया न्हाय गेल्ते, बाय.” सगळ्यात आधी तिचंच घर विकलं गेलं. आता ती पोराकडे तिसऱ्या मजल्यावर असते. तिथे सुकट वाळत घातली की शेजारी तक्रार करतात.

ठराव झाल्यावर मला दप्तर ताब्यात घ्यायला पाठवलं. आधी निकाल, मग कागद. आमच्याकडे असंच असतं. मिनिडोरमधून उतरलो तर बाई बावीस नंबरच्या ओट्यावर डबा घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक पत्र्याची पेटी आणि वळकटी. त्यांनी एकेक कागद काढून माझ्या हातात दिला. दरवर्षीच्या पत्रांच्या स्थळप्रती आल्या तेव्हा त्यांनी त्या जरा सावकाश दिल्या. प्रत्येकीवर पोच म्हणून माझीच सही होती. डबा रिकामा झाला. मग त्यांनी कनवटीची चावी काढून माझ्यापुढे धरली.

“ही कसली?”

“बावीस नंबरची. तुमच्या ठरावानं मला मालक केलंय म्हनं. मी न्हाय मालक व्हनार. संस्थेचं घर, संस्थेला परत. लिव पावती.”

“बाई, अशी चावी घ्यायची तरतूद नाही हो. तुम्ही जाणार कुठे?”

“भनीकडं. लई वर्सं बोलली न्हाय माज्याशी. आता भांडाया तरी बोलंल.”

मी पावती लिहिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून डब्यात ठेवली, आता त्यात तेवढा एकच कागद. मग उठल्या, जवळ आल्या आणि नेहमीसारखी माझी पापणी अंगठ्याने खाली ओढली. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, रडतील किंवा थोबाडीत मारतील. तसलं काही त्यांनी केलं नाही.

“रक्त तर भरपूर हाय की रं तुज्यात आता,” बाई म्हणाल्या. “मंग ती टिपनी लिवलीस तवा कुटं गेल्तं?”

पेटी उचलायला मी वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. मिनिडोर तिथेच वळत होती. पेटी, वळकटी आणि निळा डबा घेऊन बाई मागच्या बाकावर बसल्या, समोर बघत. गाडी गेली. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. ती चावी कचेरीतल्या कुठल्याच रकान्यात बसली नाही, त्यामुळे ती अजून माझ्याकडे आहे, आणि बावीस नंबरचा मालक कोण हे कागदावर ठरतच नसल्याने तेवढ्या एका घराचा व्यवहार अजून कुणाला करता आलेला नाही.

गाडी गेल्यावर घराला कुलूप घालायला म्हणून मी आत गेलो. जमीन सारवलेली, भिंतीवरचे खिळेसुद्धा काढलेले. स्वयंपाकघरात चुलीपाशी घासून लखलखीत केलेला हंडा होता, काठोकाठ भरलेला, वर पालथा पेला. ऊन चढलं होतं आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. पेला उचलला, तसाच परत ठेवला, आणि बाहेर येऊन कुलूप घातलं.